शिक्षक सहाध्यायी: एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला माझ्या वर्गात असलेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांविषयी मी लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: हे शिक्षक निवडश्रेणीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या, लोभाने पदवीच्या मागे लागतात, ते शिकायला जातात तेव्हा गावात मुलांचे नुकसान होते, आणि ज्याने कधी खडू हातात धरला नाही, अशा शहरी सहाध्यायाने त्यांचे गोडवे गाणे म्हणजे गरिबाच्या पाठीवर हात फिरवणे आहे. यांतला तिसरा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. म्हणून पहिल्या दोहोंविषयी थोडक्यात लिहितो.

शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणी 12 वर्षांच्या सेवेनंतर आणि निवडश्रेणी 24 वर्षांनंतर विचारात घेतली जाते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांची नोकरी दहा वर्षांच्या आतली होती. पुढेमागे केंद्रप्रमुख किंवा अधिव्याख्याता व्हावे असे काहींच्या मनात होते, आणि त्यात गैर ते काय? बँकेतला कारकून बढतीची परीक्षा देतो तेव्हा त्याचा हेतू कोणी तपासत नाही. राहिला मुलांच्या वेळेचा प्रश्न. आमचे वर्ग शनिवारी दुपारी आणि रविवारी भरत, आणि ही मंडळी शनिवारची सकाळची शाळा उरकून एसटीने येत. शिक्षक शाळेबाहेर असतो ही आपली तक्रार खरी आहे, परंतु तिचे एक मोठे कारण कायद्यातच लिहिलेले आहे: शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांना सूट देते. 2014 साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. त्या वर्षी शाळेचे किती दिवस गेले, हे कोणत्याही गुरुजींना विचारून पाहावे.

आता तिसरा आक्षेप. हे लोक आडगावी राहतात, पाच इयत्ता दोघांत सांभाळतात, म्हणून थोर आहेत, असे मी लिहिले असते तर आपला शब्द मला झोंबला असता. मी कौतुक केले ते त्यांच्या त्यागाचे नव्हे, त्यांच्या जाणकारीचे. आणि ती जाणकारी आमच्या उपयोगी कशी पडली, हे एका तासाच्या आधारे सांगतो.

त्या दिवशी मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा पाण्याचा प्रयोग चालला होता. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घेऊन मुलाला विचारायचे, दोन्हींत पाणी सारखेच आहे ना? मूल हो म्हणते. मग एका पेल्यातले पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद पेल्यात ओतायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले आता उंच पेल्यात पाणी जास्त आहे म्हणतात. भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते ही समज त्यांना अजून आलेली नसते, असा निष्कर्ष. नुकतीच पदवी घेऊन आलेल्या आम्हा लोकांना हे सगळे तोंडपाठ होते. तेव्हा पहिलीचा वर्ग शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "पण सर, तोच प्रश्न आपण दुसऱ्यांदा विचारला की पोर उत्तर बदलतंच. पहिलं बरोबर असतं तर बाईंनी परत कशाला विचारलं असतं, असं त्याला वाटतं."

पुढच्या शनिवारी सरांनी रोझ आणि ब्लँक या संशोधकांचा 1974 सालचा अभ्यास वर्गात आणला. त्यात पाण्याऐवजी सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी होत्या. त्यांनी सहा वर्षांच्या काही मुलांना ओळीतल्या सोंगट्या हलवण्याआधीचा प्रश्न विचारलाच नाही. फक्त हलवल्यानंतर एकदा विचारले, आणि मुलांच्या चुका कमी झाल्या. याने पियाजे मोडीत निघत नाहीत, कारण एकदाच विचारूनही चुकणारी मुले होतीच. तरीही बाईंनी शंका काढली ती नेमकी प्रयोगाच्या मांडणीवर, आणि तीही तो अभ्यास न वाचता. ही नजर ग्रंथालयात बसून येत नाही. (आमच्यापैकी एकाने बाईंचा मुद्दा परीक्षेत स्वतःचा म्हणून लिहिला, हेही नोंदवून ठेवतो.)

आपण म्हणता तसे पाट्या टाकणारेही वर्गात होते. सहीपुरते येणारे, दुसऱ्याचा लघुशोधप्रबंध थोडा इकडेतिकडे करून आपल्या नावावर बांधून घेणारे मी पाहिले आहेत. पण त्यांत नोकरी नसलेले, पूर्णवेळ विद्यार्थीही तितकेच होते. तो दोष शिक्षकांच्या पदरात सरसकट टाकणे न्याय्य नाही.

"त्यांच्या शिकण्याचा वर्गात काय उपयोग झाला ते दाखवा," असेही आपण लिहिले आहे. राज्याच्या निकालांचा हिशेब मी देऊ शकत नाही. मला जे माहीत आहे तेवढे सांगतो. त्याच बाईंनी लघुशोधप्रबंधासाठी शाळेतल्या तिसरी-चौथीच्या वह्या घेतल्या. 52 मधून 28 वजा करताना बरीच मुले 36 लिहीत. पूर्वी अशा उत्तरावर फुली मारून पुढे जाण्याचा रिवाज होता. बाईंनी मुलांना समोर बसवून गणित बोलत सोडवायला लावले, तेव्हा मुले हातचा विसरत नव्हती असे दिसले; दोन आणि आठ यांत मोठ्यातून लहान वजा करायचे, हा नियम ती प्रत्येक घरात इमानेइतबारे पाळत होती. त्यानंतर हातच्याची उजळणी बाजूला ठेवून बाईंनी दहा-दहा काड्यांच्या जुड्या काढल्या, पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलांपुढे ठेवल्या आणि त्यांतून अठ्ठावीस काड्या मागितल्या. जुडी सोडल्याशिवाय आठ सुट्या काड्या देता येत नाहीत, हे मुलांनी आपणहून सांगितले.




आपला,
लेखक