एलएम३२४च्या सप्लाय पिनबद्दलच्या आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आमच्या सिम्बॉल लायब्ररीतला (सर्किटच्या आकृतीत वापरायच्या चिन्हांच्या संग्रहातला) एलएम३२४, म्हणजे चार ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी सर्किटं) असलेली चिप, घेऊन आपण चारही ऑप-अ‍ॅम्प स्किमॅटिकवर (सर्किटच्या आकृतीवर) मांडलेत, बोर्ड बनून आले, आणि ४ व ११ नंबरच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या सप्लाय पिनला एकही ट्रेस (तांब्याची जोडरेषा) नव्हता, असं आपण लिहिलं आहे. बोर्ड हातात आल्यावर हे दिसणं फार जिव्हारी लागतं. मी मनापासून माफी मागतो.

या सिम्बॉलमध्ये ए ते डी हे चार ऑप-अ‍ॅम्प आहेत, आणि सप्लायच्या दोन्ही पिन ई या पाचव्या युनिटवर (सिम्बॉलच्या वेगळ्या मांडायच्या भागावर) आहेत. ते शीटवर ठेवलं गेलं नाही, म्हणून त्या पिनना नेटच (विजेची जोडणीच) मिळालं नाही. पण असं पाचवं युनिट आहे, याची एकही खूण आम्ही बाकीच्या चारांवर ठेवली नव्हती. चूक आमची आहे.

'पिन लपवा आणि आपोआप जोडा' ही आपली सूचना मात्र मला मान्य करता येत नाही. लपलेली पिन स्वतःच्या नावाच्या नेटला जाऊन मिळते. ७४एचसी०० या लॉजिक चिपची १४ नंबरची सप्लाय पिन व्हीसीसी नावाने लपवली आणि बोर्डवर व्हीसीसी ५ व्होल्टचा असला, तर ३.३ व्होल्टवर चालवायची चिप गुपचूप ५ व्होल्टला जोडली जाते. शीटवर काहीच दिसत नाही. अशा एका पिनपायी मी पूर्वी स्वतःचा अख्खा लॉट टाकून दिला आहे. चारही युनिटवर त्याच सप्लाय पिन दाखवल्या, तर एकीकडे ५ आणि दुसरीकडे ३.३ जोडलं जाऊन दोन रेल (सप्लायच्या लाइन) शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

एलएम३५८सारख्या दुहेरी चिपच्या सप्लाय पिन आता ए युनिटवरच दिसतील. एलएम३२४सारख्या चौहेरी चिपमध्ये ई राहील, पण 'सप्लाय ई युनिटवर' अशी ओळ ए युनिटच्या शेजारी छापलेली असेल. न ठेवलेल्या युनिटचा इशारा ईआरसीमध्ये (स्किमॅटिकमधल्या जोडण्यांच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) बंद केलेला असेल, तर कृपया तो चालू करा.

आपले बोर्ड वाचू शकतात. त्या पॅडना नेट नसल्याने काही कापावं लागणार नाही. सिंगल सप्लाय असेल तर ४ला प्लस आणि ११ला ग्राउंड अशा दोन बारीक वायर ओढा. या पिन समोरासमोर आहेत, तेव्हा सप्लाय स्थिर ठेवणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चिपवरूनच आडवा सोल्डर करता येतो.

लायब्ररीचे पैसे परत करतो. स्किमॅटिकची फाइल पाठवलीत, तर पुढचा बोर्ड ऑर्डर करण्याआधी मी स्वतः तपासून देईन.