वेल्श लेखकांच्या नावावर खपवलेला धडा

वेल्सची राजधानी असलेल्या कार्डिफमध्येच जन्मलेली माझी भाची वर्षभर आपल्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, आठवणी इंग्रजीत लिहीत होती. गेल्या आठवड्यात तिने ते लेखन थांबवल्याचे कळवले आणि कारण म्हणून आमच्याच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरलेला एक मजकूर पाठवला. त्यातला दावा असा : शाळेतल्या जाचामुळे वेल्श लेखकांनी मातृभाषा टाकली, आठवणी केवळ मातृभाषेतच जिवंत राहतात, म्हणून त्यांची इंग्रजी आत्मचरित्रे खोटी आहेत, याच आत्मद्वेषाने कवी डिलन टॉमसचा दारूने बळी घेतला, आणि इंग्रजीत स्वतःचे आयुष्य लिहिणारा प्रत्येक जण न्यूनगंडाने पछाडलेला असतो. हे सारे म्हणे ‘मानसशास्त्राने सिद्ध केले आहे’.

शाळेतला जाच खरा आहे. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात अडकवायची ‘वेल्श नॉट’ नावाची पाटी होती, पण ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. डिलन टॉमस 1914 साली स्वान्झीत जन्मला. त्याच्या वडिलांना वेल्श येत असे. ते शाळेत इंग्रजी शिकवत, आणि त्यांनी मुलांना वेल्श न शिकवता इंग्रजी उच्चारांची शिकवणी लावली. वेल्समधल्याच ऱ्होंडा खोऱ्यातला कादंबरीकार ग्विन टॉमस बारा भावंडांत शेवटचा. त्याच्या घरात थोरली भावंडे वेल्श बोलत आणि धाकटी इंग्रजीत वाढली. या दोघांनी मातृभाषा टाकली असे म्हणणे निरर्थक आहे, कारण त्यांची पाळण्यातली भाषा इंग्रजीच होती.

सर्वांत घातक मुद्दा आठवणींचा, कारण भाचीची लेखणी त्यानेच थांबवली. व्हियोरिका मारियन आणि उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेत स्थायिक झालेल्या रशियन-इंग्रजी द्विभाषकांना दोन्ही भाषांत आठवणी विचारल्या होत्या. रशियनमध्ये विचारल्यावर रशियन बोलत असतानाचे प्रसंग अधिक आठवले आणि इंग्रजीत विचारल्यावर इंग्रजीत घडलेले. म्हणजे प्रसंग ज्या भाषेत घडला त्या भाषेत तो सहज वर येतो. तिथे मातृभाषेला कोणताही खास मान नाही. मग इंग्रजीत घडलेले स्वान्झीतले बालपण इंग्रजीत लिहिणे खोटे कसे ठरते?

‘आठवणी केवळ मातृभाषेत’ या सूत्राची खरी फजिती कवी आर. एस. टॉमस यांच्यापाशी होते. 1913 साली कार्डिफमध्ये जन्मलेल्या आणि हॉलीहेडला इंग्रजीत वाढलेल्या या धर्मगुरूने वेल्श भाषा प्रौढपणी शिकली. कविता त्यांनी आयुष्यभर इंग्रजीत लिहिली, पण 1985 सालचे आत्मचरित्र मात्र वेल्शमध्ये लिहिले. त्याचे नाव ‘नेब’, म्हणजे ‘कोणीही नाही’, आणि त्यात स्वतःचा उल्लेख ‘मी’ असा नसून तृतीयपुरुषी आहे. धर्मगुरूची नम्रता त्यात असेलच. पण शिकून आपलीशी केलेल्या भाषेत, जिच्यात बालपण घडलेच नव्हते, ‘मी’ म्हणणे त्यांना जड गेले असावे, असे माझे वाचन आहे. गटावरच्या तर्काने हेच आत्मचरित्र खोटे ठरवावे लागेल, आणि तसे म्हणण्याची त्या मजकुरकर्त्याची खचितच तयारी नसेल.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. नाटककार एम्लिन विल्यम्स वेल्शभाषक घरात वाढला आणि 1961 साली ‘जॉर्ज’ हे आत्मचरित्र त्याने इंग्रजीत लिहिले. तिथे आईवडिलांचे बोलणे वाचकापर्यंत भाषांतरित होऊनच पोहोचते, आणि त्यात काही सांडले असणार. पण सांडणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. लपवाछपवीच पाहायची तर कथाकार रीस डेव्हिसने 1969 सालच्या आत्मकथनात आपली समलैंगिकता झाकून ठेवली. 1967 पर्यंत पुरुषांमधले समलैंगिक संबंध कायद्याने गुन्हा होते, त्यामुळे या मौनाचे कारण भाषेत शोधण्याची गरज नाही.

डिलनच्या दारूबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तो पीत असे, हे जगजाहीर आहे. पण 1953 साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा त्याला न्यूमोनिया झाला होता आणि डॉक्टरने त्याला मॉर्फिन टोचले होते. आत्मद्वेषाचे निदान कोणत्याही डॉक्टरने केलेले नाही.

राहिला न्यूनगंड. आई दोन उन्हाळे कार्डिफला राहिली, तेव्हा स्वयंपाकघरात आजीचे प्रश्न मराठीत आणि नातीची उत्तरे इंग्रजीत, असाच संवाद चाले. भाचीने लिहिलेल्या एका पानावर आजी तव्यावरची भाकरी उलटताना म्हणते, ‘दमानं घे गं बाई’. अख्ख्या इंग्रजी पानात तेवढे शब्द तिने मराठीतच ठेवले आहेत, आणि ज्याने कोणी तो मजकूर पुढे ढकलला त्याला मी त्या पानाचे छायाचित्र पाठवले आहे.