तंबू काढला, कोपरा राहिला

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा जरा ओशाळल्यासारखं झालं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

नंतर येणाऱ्यांसाठी आधी ताईंचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलांसाठी घरात वाचनाचा कोपरा कसा करावा, यावर मी फोटोंसकट लिहिलं होतं. ताईंच्या मते हा सगळा फोटोंसाठीचा थाट आहे. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तिथे तंबू आणि दिव्यांच्या माळा लावायच्या कुठे? त्या स्वतः लहानपणी जिन्याच्या पायरीवर बसून वाचायच्या, त्यांचं काही अडलं नाही. ज्याला वाचायचंय ते मूल कुठेही वाचतं, मुलांना कोपरा नको, आईबापांचा वेळ हवा. शिवाय तसल्या मिणमिणत्या उजेडात डोळे जातील ते वेगळंच.

तंबूची कबुली आधी देऊन टाकतो. तो तंबू मी माझ्या हौसेसाठी आणला होता. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. पहिले आठ दिवस ती त्यात बाहुल्या निजवायची, नंतर आम्ही त्यात धुवायचे कपडे टाकू लागलो. पुस्तक मात्र ती वाचायची, म्हणजे चित्रं बघत स्वतःशी बडबडायची, ती सोफ्याची पाठ आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, पालथी पडून. हे लक्षात यायला मला कितीतरी दिवस लागले. मग तंबू माळ्यावर गेला आणि पुस्तकांचं खोकं सोफ्यामागे आलं. लेखात ही गोष्ट यायला हवी होती, आला तो तंबूचा फोटो. इथे तुमचा नेम अचूक बसला.

पण त्या चिंचोळ्या जागेत काय होतं ते बघा. पाठीला भिंत होती, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागत नव्हता, खिडकीचा उजेड पडत होता आणि आमचे आवाज ऐकू येत होते. मुलांना बहुधा हेच हवं असतं, माणसांपासून लांब नको आणि माणसांच्या पायातही नको. तुमच्या जिन्याच्या पायरीवर यातलं बरंचसं असणार, असा माझा अंदाज आहे. तो तुमचा वाचनाचा कोपराच होता, फक्त कोणी सजवला नव्हता.

‘ज्याला वाचायचंय ते कुठेही वाचतं’ हे मात्र मला पटत नाही. हे म्हणणारे आपण सगळे वाचणारे झालेले लोक. त्याच जिन्यावर खेळून मोठी झालेली आणि पुस्तकाला पुन्हा हात न लावलेली मुलं इथे प्रतिक्रिया लिहायला येत नाहीत. आणि मी लिहीत होतो ते दोन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल. त्यांना अजून वाचताच येत नाही, तर ‘वाचायचंय’ कुठून येणार? त्यांच्या लेखी पुस्तक ही चेंडू आणि डब्याच्या झाकणासारखीच एक वस्तू. समोर दिसली आणि हाताला लागली तर उचलायची.

म्हणून माझा सगळा जोर मांडणीवर होता, तो बहुधा फोटोंखाली दबला. आपण पुस्तकं उभी लावतो, नुसता कणा दिसेल अशी. कण्यावर असतं नाव, तेही आडवं. अक्षरओळख नसलेल्या मुलाला त्यात रंगीत पट्ट्यांपलीकडे काय दिसणार? चित्रांची पुस्तकं तर इतकी पातळ की कणा असून नसल्यासारखाच. तीच पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून लावली, की मूल लांबूनच बोट दाखवतं, ‘हत्तीचं दे!’ त्यासाठी कपाट लागत नाही. भिंतीला मुलाच्या छातीच्या उंचीवर तीनचार इंच रुंदीची फळी ठोकून पुढे बारीक पट्टी मारली, तरी काम भागतं. नाहीतर उथळ खोकं घ्या आणि पुस्तकं त्यात एकामागे एक, तोंड समोर करून लावा, म्हणजे मूल ती फायलींसारखी पुढे पाडत बघतं. दोन खोल्यांच्या घरात मी हेच करीन. खोकं पलंगाखाली, संध्याकाळी बाहेर, रोज त्याच जागी, शेजारी चौघडी केलेली सतरंजी. दिवसभर त्या जागेचा पत्ताही लागत नाही.

एका वेळी आठदहाच पुस्तकं बाहेर ठेवा, बाकीची वर. दोनतीन आठवड्यांनी अदलाबदल करा. पण जे पुस्तक रोज मागितलं जातं ते मात्र हलवू नका, आपल्याला कितीही कंटाळा आलेला असो. मानसशास्त्रज्ञ जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ सालचा एक प्रयोग आहे. तीन वर्षांच्या मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, तेव्हा त्यांना त्यातले नवे शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून, तितक्याच वेळा ऐकलेली मुलं मागे पडली. आमच्या घरी एक पुस्तक असंच पाठ झालंय. मी पान चुकवलं की पकडला जातो.

आता वेळेचं. तुम्ही लिहिलंत, ‘मांडी द्या, गादी नको.’ मान्य, शंभर टक्के. पण मांडी देणाऱ्याची पाठ टेकायला हवी ना! माझ्या पहिल्या कोपऱ्यातली सगळ्यात मोठी चूक हीच होती. गादी बरोबर एका मुलापुरती, छप्पर माझ्या डोक्याला लागणारं. मी बाहेर उकिडवा बसून वाचायचो आणि तिसऱ्या पानावर कंबर बोलायला लागली की ‘उरलेलं उद्या’. आता जागा दोन माणसांच्या रुंदीची आहे, मागे भिंत आणि भिंतीला लोड. पंधरावीस मिनिटं आरामात जातात. मुलीसाठी केलेल्या जागेत सगळ्यात जास्त विचार माझ्या कमरेचा केलाय असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

मूळ लेखातलं आणखी एक मागे घ्यायचंय, जे तुम्हीही पकडलं नाहीत. मी २७ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाचा हवाला दिला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भरपूर पुस्तकं, म्हणजे सुमारे ५००, असलेल्या घरातली मुलं एकही पुस्तक नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त शिकलेली दिसली. पण तिथे विचारलं होतं ते लहानपणी घरात पुस्तकं किती होती, कोपरा होता का ते नाही. आणि पुस्तकं असलेल्या घरात आणखीही बरंच काही असतं. ‘कोपरा करा, मूल शिकेल’ असं त्यातून निघत नाही. मी ते तसं सुचवलं होतं.

डोळ्यांचं थोडं वेगळं आहे. कमी उजेडात वाचल्याने डोळे थकतात, चुरचुरतात, मूल पुस्तक नाकाशी आणतं. पण तेवढ्याने डोळे कायमचे बिघडतात असं नाही. लांबचं कमी दिसण्याचा संबंध आहे तो तासन्‌तास जवळचं बघण्याशी आणि बाहेरच्या उजेडात कमी खेळण्याशी. म्हणून रोज दोनेक तास मोकळ्यावर घालवावेत असं सांगतात. तरी दिव्यांच्या माळेबद्दल तुम्ही बरोबर आहात, ती शोभेची वस्तू. पानावर ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, तो मागून खांद्यावरून यावा, म्हणजे डोळ्यांवर येत नाही. साधा एलईडीचा टेबललॅम्प जवळ असला की पुरतो. जुन्या तारेचा बल्ब कापडाजवळ नको, तापतो.

माळेचा खरा धोका मी लिहिलाच नव्हता. अशा काही माळा बटणासारख्या चपट्या सेलवर चालतात. तो सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठायचं. उंच फडताळ घेतलंत तर ते भिंतीला पक्कं करा, मुलं त्याची शिडी करतात. पुस्तकांत डांबराच्या गोळ्याही नकोत.

शेवटी तुम्ही जरा खोचक विचारलंत, की दीड वर्षाचा धाकटा पुस्तकं फाडतो त्याचं काय, त्यालाही कोपरा द्यायचा का? द्या. जाड पुठ्ठ्याच्या पानांची चारपाच पुस्तकं खोक्यात पुढे, पातळ कागदाची त्याचा हात पोचणार नाही तिथे, थोरलीच्या ताब्यात. त्या वयात बोटांना पातळ पान नीट उलटता येत नाही, ओढलं की फाटतं, त्यात खोडी थोडीच असते. फाटलेलं पान त्याच्यासमोर बसून चिकटवा. आमच्याकडे एक वाघ तीन ठिकाणी चिकटवलेला आहे, आणि सगळ्यात आधी तोच मागितला जातो.