पेशींवरची साखर आणि मावशीचा डबा

मावशीच्या फ्रिजवर एक पांढरा डबा असायचा. साडेचार हजारांचा, महिनाभर पुरणारा. ओळखीच्या एका बाईंनी घरी येऊन गळ्यात मारलेला. पेशी एकमेकींशी साखरेच्या भाषेत बोलतात, त्यासाठी आठ प्रकारच्या साखरा लागतात, आपल्या जेवणात त्यातल्या दोनच उरल्यात, म्हणून प्रतिकारशक्ती ढासळते, असं त्यांनी तिला पटवलं होतं. मावशीने चार महिने ती पावडर घेतली आणि मधुमेहाची गोळी बंद केली. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, १०.४ वर गेली तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

मी सोळा वर्षं रक्तपेढीत काम करते. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर त्या बोलण्याची सुरुवात खरी आहे याचा. पेशी एकमेकींना साखरेवरून ओळखतात हे मी रोज डोळ्यांनी बघते.

काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे. रक्तगट तपासायची द्रव्यं घालायची, एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी. काडीने ढवळून पट्टी जरा हलवली की जिथे जुळतं तिथे रक्त दूध फाटावं तसं फाटतं, लाल कण वेगळे दिसायला लागतात. ए आणि बी गटात फरक किती, तर तांबड्या पेशीवरच्या साखरांच्या साखळीच्या टोकाची एक साखर. बी असेल तर गॅलॅक्टोज, ए असेल तर त्याचंच थोडं बदललेलं रूप. ओ गटात यातलं काहीच नसतं, नुसती खालची साखळी आणि तिच्यावर फ्युकोज नावाची साखर. एवढ्याशा फरकापायी चुकीची बाटली लागली तर माणूस दगावू शकतो.

क्वचित कुणाच्या तांबड्या पेशीवर ते फ्युकोजसुद्धा नसतं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी अशी माणसं पहिल्यांदा नोंदवली, म्हणून तो बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत ही माणसं ओ दिसतात, पण क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचं आणि दात्याचं रक्त एकत्र करून बघताना, ओ रक्तही जुळत नाही. त्यांना वाटीभर फ्युकोज खायला घातलं तरी गट बदलणार नाही. फ्युकोज त्यांच्या शरीरात आहेच, ते साखळीला जोडणारं एन्झाइम जन्मापासून नाही. सोनं घरात आहे, सोनार नाही.

डब्यावर छापलेल्या त्या आठही साखरा आपलं शरीर ग्लुकोजपासून स्वतः घडवतं. भात-भाकरीतून मिळतं त्याच ग्लुकोजपासून.

अपवाद आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. जगात मोजक्या मुलांना एक जन्मजात आजार असतो. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, तरी जंतुसंसर्ग सारखा होतो आणि जखमेत पू धरत नाही. रक्तवाहिनीची आतली भिंत पांढऱ्या पेशीवरच्या साखरेला पकडून तिचा वेग कमी करते, मग ती पेशी घरंगळत थांबते आणि भिंतीतून जखमेकडे उतरते. त्या साखरेत फ्युकोज लागतं. या मुलांत पेशीच्या आतल्या आत, साखळ्या जोडल्या जातात त्या कप्प्यात फ्युकोज पोचवणारं प्रथिनच बिघडलेलं असतं, आणि त्यांचा रक्तगटही बॉम्बे येतो. यातल्या काहींना तोंडावाटे फ्युकोज देऊन गुण आला, काहींना नाही. असे उपचार दुर्मीळ आजारावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात. त्या मुलांच्या आजाराचा सत्तरीतल्या माझ्या मावशीशी काय संबंध? अमेरिकेत टेक्सास सरकारने २००७ साली असल्याच साखरा विकणाऱ्या एका कंपनीवर फसव्या दाव्यांबद्दल खटला भरला होता आणि २००९ च्या तडजोडीत ग्राहकांना ४० लाख डॉलर परत करायचं ठरलं.

मी डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. कोरफड. त्याखाली 'गम घट्टी'. मावशीला म्हटलं, अगं, हा धावड्याचा डिंक आहे. ती बघतच राहिली. चाळीस वर्षं घरातल्या प्रत्येक बाळंतिणीसाठी तिने हाच डिंक तुपात फुलवून लाडू वळलेत. तो आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यावर जगतात. जाऊन पेशीवर बसत नाही.

खाण्यातली साखर आणि प्रतिकारशक्ती यांचं खरं नातं बघायचं तर आईच्या दुधात बघा. त्यात बाळाला पचतच नाहीत अशा दोनशेच्या वर प्रकारच्या साखळ्या असतात, लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम. त्यांच्यावर बाळाच्या आतड्यातले चांगले जीवाणू पोसले जातात. शिवाय काही जंतू आतड्याच्या पेशींऐवजी या साखळ्यांनाच चिकटतात आणि शीतून बाहेर जातात. मावशीच्या सुनेला आठवा लागलाय. त्या बाईंनी तिलाही एक डबा सुचवला होता.

आणि मावशीचा तो १०.४ चा आकडा? तीही पेशीतली साखरच, पण कुणी एन्झाइमने जोडलेली नाही. रक्तात ग्लुकोज जास्त झालं की ते हिमोग्लोबिनला आपसूक चिकटत जातं. साखर अशी चढलेली राहिली की पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, जखमा चिघळतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने आपल्याकडे किती मधुमेही माणसांचे डोळे नेले, ते आम्ही रुग्णालयातल्या लोकांनी बघितलंय. प्रतिकारशक्तीसाठी पावडर घ्यायची आणि त्यापायी गोळी सोडायची, हे मला सहन होत नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली. परवाचा आकडा ७.६ आला. फ्रिजवरच्या डब्यात आता धावड्याचा डिंक आहे, सुनेसाठी, बाजारातून पाव किलो आणलेला.