‘व्हेरी’ टाळल्याने इंग्रजी सुधारत नाही

‘व्हेरी शॉर्ट नको, ब्रीफ म्हणा, व्हेरी ओल्ड नको, एन्शंट म्हणा, व्हेरी थिन नको, स्लेंडर म्हणा’ अशा याद्या व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. त्यांच्यासोबत तीन दावे येतात: साधा शब्द हे कच्च्या इंग्रजीचे लक्षण आहे, उजवीकडचा शब्द डावीकडच्या शब्दाच्या जागी बेधडक वापरता येतो, आणि रोज दहा अवघड शब्द पाठ केले की परीक्षेत गुण वाढतात. याद्या करणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण हे तिन्ही दावे टिकत नाहीत.

दुसरा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून तो आधी पाहू. ‘ब्रीफ’ हा शब्द कालावधीला आणि बोलण्या-लिहिण्याला लागतो, माणसाच्या उंचीला नाही. बुटक्या माणसाविषयी ‘ही इज ब्रीफ’ म्हटले, तर तो थोडक्यात बोलतो असा समज होईल. ‘एन्शंट’ इजिप्तच्या संस्कृतीला शोभतो, पण आजीला लावला की थट्टा होते. मराठीत शिळी भाकरी, जुने घर, म्हातारी आजी आणि प्राचीन लेणी यांत आपली गफलत होत नाही, कारण हे शब्द आपण सुटे पाठ केलेले नसून त्यांच्या सोबत्यांसह ऐकलेले असतात. ‘थिन’च्या शेजारी ‘स्लेंडर’, ‘स्किनी’ आणि ‘इमेशिएटेड’ एकाच रांगेत मांडले जातात. त्यांतला पहिला कौतुकाचा, दुसरा बरेचदा हिणवणारा आणि तिसरा आजाराने किंवा उपासमारीने खंगलेल्या शरीरासाठीचा आहे. विवाहाच्या परिचयपत्रात तिसरा शब्द घालणाऱ्याचे काय होईल, ते सांगायला नको.

शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये मांडले. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्यक्ष वापरातील मजकुराचा मोठा संग्रह करून त्यावर कोबिल्ड शब्दकोश उभा केला, जो 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘सेट इन’ (सुरू होऊन मूळ धरणे) या क्रियापदासोबत बहुधा कुजणे, निराशा अशा अप्रिय गोष्टीच येतात, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘हॅपिनेस सेट इन’ हे वाक्य व्याकरणाला धरून असले, तरी इंग्रजी कानाला खटकते, आणि समानार्थी शब्दांची कोणतीही यादी ही खटक दाखवू शकत नाही.

साधा शब्द म्हणजे कच्ची भाषा, हा पहिला दावा लवकर निकालात निघतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, साध्या शब्दांच्या जागी विनाकारण लांबलचक शब्द घातलेला मजकूर वाचून वाचकांनी लेखकाला अधिक नव्हे, तर कमी बुद्धिमान ठरवले.

राहिला परीक्षेचा मुद्दा. परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणाऱ्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखनात शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक आहे हे खरे. पण 7 बँडच्या, म्हणजे 9 पैकी 7 या गुणपातळीच्या, वर्णनात कमी प्रचलित शब्दांच्या जोडीला शैलीची आणि शब्दसंगतीची जाण अपेक्षिलेली आहे, आणि फिरत्या यादीतून नेमकी तीच गळते. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने तर विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न 2011 मध्येच काढून टाकले. तिथल्या एका प्रश्नप्रकारात वाक्यातल्या एकाच रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे असतात की त्यांनी होणाऱ्या दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा होईल; पर्यायांत एकमेकांशी समानार्थी, पण त्या वाक्यात न बसणारी जोडीही असू शकते, आणि याद्या घोकलेला विद्यार्थी तिच्यावरच बोट ठेवतो. वाक्यातला ‘ऑल्दो’ किंवा ‘डिस्पाइट’ पाहून अर्थ कुठे वळतो हे ज्याने ओळखले, तो या जोडीला फसत नाही.

यादीतले शब्द टाकाऊ आहेत, असे मात्र माझे म्हणणे नाही. ‘फ्युरियस’मध्ये ‘व्हेरी अँग्री’पेक्षा जास्त धग आहे आणि तो शिकलाच पाहिजे. आक्षेप आहे तो दोन रकान्यांमधल्या बरोबरच्या चिन्हाला. त्या जागी तो शब्द ज्यात भेटला ते पूर्ण वाक्य, आणि ते कोणी कोणाला उद्देशून म्हटले, एवढे लिहून ठेवले, तर रोज दहाऐवजी दोनच शब्द होतील, पण ते लिहिताना हाताशी येतील.