दिवाळीचा स्वेटर: आधी विचारा, मग टाके घाला

गणपती उठले की मला फोन यायला लागतात. "तू काय सुंदर विणतेस गं! दिवाळीत आमच्या चिरंजीवांसाठी एक स्वेटर कर ना. नाहीतरी टीव्ही बघताना तुझे हात चालूच असतात." गेल्या आठवड्यात असे दोन फोन आले. एका मैत्रिणीला हो म्हणाले, दुसरीला नाही. दुसरी रुसली आहे. ती ही पोस्ट वाचणार, वाचू दे.

आधी हिशेब सांगते. मध्यम बांध्याच्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, जरा जाडसर लोकर, 8 नंबरच्या सुया. माझ्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसतात. म्हणजे पाठीला साधारण 120 टाके आणि 190 ओळी. पुढचा भाग तेवढाच. दोन बाह्यांचे मिळून वीस-एकवीस हजार. काखेचे, गळ्याचे घटवलेले वजा करून एकूण 65 हजार टाके. मिनिटाला 25 पडले तरी 43 तास होतात. सुटलेला टाका उचलणं, चुकलेली वीण उसवणं आणि शेवटी शिवणं यात धरलेलंच नाही. (शिवायचा मला इतका कंटाळा आहे की एक स्वेटर दोन वर्षं कपाटात बिनबाह्यांचा पडून आहे. बाह्या शेजारच्या पिशवीत आहेत.)

संक्रांतीला नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने घरी करणाऱ्या बाईला कुणी "तू नाहीतरी गॅसपाशी उभी असतेसच" असं म्हणत नाही. थेंब थेंब पाक घालत हलव्याला काटा आणताना बोटं भाजतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुयांनी बोटं भाजत नाहीत, एवढंच आमचं चुकलं.

पण आज मला भांडायचंय ते आमच्याच जमातीशी. आम्ही विणणाऱ्या बायका कुणाला न विचारता, गुपचूप, 'सरप्राइज' म्हणून विणतो, आणि दिल्यावर पुढची पाच वर्षं त्या माणसाच्या अंगावर पाळत ठेवतो.

माझा दिवाळसण 1998चा. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्याच आठवड्यात आली होती, पुण्यात पंखे पाचवर फिरत होते. आईने चार महिने खपून जावयासाठी मरून रंगाचा, अस्सल लोकरीचा, छातीवर वेणीची वीण असलेला स्वेटर केला होता. पाडव्याला ओवाळणं झालं आणि तो बाहेर आला. "घालून तर दाखवा!" नवऱ्याने घातला. तो अंगात ठेवूनच जेवायला बसला, कारण काढायचा कसा हे त्याला सुचेना. श्रीखंडापर्यंत येईतो मान लाल झाली होती. अस्सल लोकर त्याला टोचते, हे मलाही त्याच दिवशी कळलं. नवा जावई, समोर सासूबाई आणि 65 हजार टाके. बोलणार काय बिचारा?

मग दर हिवाळ्यात आईचा फोन यायचा. "घालतात का गं?" मी हो म्हणायची. दोन वर्षं रेटून खोटं बोलले. तिसऱ्या दिवाळीला ती आमच्याकडे आली, कपाटातून तो स्वेटर काढला, कोपरं उजेडात धरून पाहिली. घातलेल्या स्वेटरची कोपरं जरा ताणलेली असतात, काखेत लोकरीचे बारीक गोळे येतात. इथे काहीच नव्हतं. "जावईबापू, हा तुम्ही घालत नाही. द्या इकडे." त्याच दुपारी तिने शिवण उलगडून उसवायला घेतला. खुर्चीच्या पाठीला लड गुंडाळली, कोमट पाण्यात रिठ्याने धुतली, खाली वजन बांधून सावलीत वाळत टाकली, म्हणजे लोकरीचे वळसे सरळ होतात. त्यातून माझ्या लेकीचे दोन स्वेटर झाले, एक मापाचा आणि एक वाढत्या अंगाचा. नवऱ्याने त्या दिवशी आईला केलेला नमस्कार लग्नातल्या नमस्कारापेक्षा जास्त मनापासून होता.

आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं, की बिनबाह्यांचा करा, शर्टावरून चालेल. आईच्या हौसेने विचारू दिलं नाही. 'प्रेमाची ऊब' वगैरे लिहून दरवर्षी जे फोटो फिरतात ना, ते बघून मला ती लाल झालेली मान आठवते.

अजून एक, हे जरा गंभीर आहे. आपण जिला सरसकट लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. टोचत नाही, मशीनमध्ये धुता येते, स्वस्त पडते. मीही तीच वापरते. पण खरी लोकर सहजासहजी पेटत नाही, ॲक्रिलिक पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. तेव्हा नातवाला नवाकोरा स्वेटर घालून, हातात फुलबाजी देऊन फोटो काढू नका. फटाके संपेपर्यंत सुती कपडे बरे.

मी आता सरळ विचारते. रंग कुठला, बाह्या हव्यात का, गळ्याशी टोचतं का, आणि धुणार कोण? मागणाऱ्याने लोकर माझ्यासोबत येऊन घ्यायची, सगळी एकाच लॉटची, कारण कमी पडली की पुढच्या लॉटचा रंग उन्हात वेगळा दिसतो. नुसता स्वस्त आणि उबदार स्वेटर हवा असेल तर थंडीत तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, तिथे लुधियानाचा चांगला माल मिळतो. मी स्वतः तिथूनच घेते. आणि दिल्यानंतर "घालतोस का" हे विचारायचं नाही. हे अजून पूर्ण जमलेलं नाही.

तर जिला हो म्हणाले, तिच्या मुलालाच मी परस्पर फोन लावला. इंजिनिअरिंगला आहे. तो क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "मावशी, स्वेटर नको गं. काळी टोपी कर. एकदम प्लेन. डिझाइन अजिबात नको."

गोल सुईवर 108 टाके घातलेत, जपमाळेइतके. काळ्या लोकरीवर रात्री टाके दिसत नाहीत, त्यामुळे टीव्हीसमोर बसायची सोय नाही. दुपारी गॅलरीत उन्हाला बसून विणते आहे.