डाळीला 'लालूच' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

महोदय,

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' या स्वयंसेवी संस्थेनं बाळांच्या लशींसोबत डाळ दिली, त्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. एक चूक आधीच मान्य करतो. दर लशीमागे दोन किलो नव्हे, एकच किलो डाळ मिळायची. सगळ्या लशी झाल्या की ताटांचा संच. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण "एसीत बसून गरिबांना डाळीची लालूच दाखवणारे तुम्ही लोक" हे वाक्य मला लागलं आणि मी ते सोडणार नाही. 'तुम्ही लोक' म्हणजे नेमके कोण? माझी आई एकतीस वर्षं उपकेंद्रावर नर्सबाई होती. सुट्टीत बर्फ भरलेला लशींचा डबा खांद्याला अडकवून मी तिच्यामागे वाड्यावस्त्या तुडवल्या आहेत. त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) टोचली की रात्री पोर तापानं फणफणायचं आणि दुसऱ्या दिवशीची खुरपणीची मजुरी बुडायची. आई तापाची गोळी कागदात बांधून द्यायची. "पुढल्या खेपेला नक्की येते बाई," म्हणून गेलेली बाई गोवराच्या लशीला, नवव्या महिन्यात, यायचीच नाही. तिला लस नको होती असं नाही हो. ताप आजचा होता, गोवर कधीतरी होणार होता. आपण मार्चअखेरीला कर वाचवायला विमा काढतो, त्याला लालूच म्हणत नाही. मजूर बाईला किलोभर डाळ दिली की तेवढी लालूच?

'सेवा मंदिर'च्या या डाळीवर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केलेल्या अभ्यासात १३४ गावं होती. जिथे काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के, दर महिन्याला न चुकता भरणाऱ्या शिबिरानं १८, आणि शिबिरासोबत डाळ दिल्यावर ३९. नर्स तर दिवसभर बसणारच; लस घ्यायला येणारी मुलं वाढली, त्यामुळे एका मुलामागचा खर्च डाळ धरूनही जवळपास निम्म्यावर आला. हे सगळं लेखात होतं. आपण तिथवर वाचलं नाही, हे स्पष्ट दिसतं.

"आधी आरोग्यकेंद्रं सुधारा" म्हणता, तर न चुकता भरणारं शिबिर म्हणजे दुसरं काय होतं? निवडणुकीतल्या साड्यांशी केलेल्या तुलनेला मी उत्तरही देणार नाही.

आईजवळ द्यायला सरकारी असं काही नव्हतं. एका पोळ्याच्या आधी तिनं पदरचे पैसे घालून गुळाचे खडे नेले. त्या दिवशी तिच्या रजिस्टरची दोन पानं भरली. गूळ पदराच्या टोकाला बांधून पोराला कडेवर घेऊन निघालेल्या त्या बाया मला आजही दिसतात. त्यांच्या तोंडावर 'लालूच' हा शब्द उच्चारून दाखवा, मग आपण बोलू.